गोमंतकांतील अनाथ बालकें व त्यांच्या पक्षाचें बोलणें

सन १५५९ च्या मार्च महिन्यांत पोर्तुगालचा राजा दों सेबाश्तियांव ह्याच्या नांवानें गोव्यासंबंधीं एक आज्ञापत्र निघालें. गोवें शहर व गोवें बेट ह्यांत राहणाऱ्या हिंदूंचीं जीं मुलें आई, बाप, आजा, आजी किंवा दुसरा कोणीही पूर्वज हयात नसल्यामुळें मागें राहिलीं असतील, आणि ज्यांना अद्यापि बरेंवाईट समजण्याचें वय आलें नसेल, तीं ‘अनाथांच्या न्यायाधीशा’नें ताब्यांत घेऊन येशूसंघाच्या सेंट पॉल कॉलेजाच्या स्वाधीन करावीं, तेथें त्यांस बाप्तिस्मा द्यावा व ख्रिस्ती धर्मांत वाढवावें, असा त्याचा आशय आहे. कुन्य रिव्हारा ह्यांनीं सन १८५७ पासून १८७६ पर्यंत गोव्यांतील जुने कागद ‘आर्किव्हु पोर्तुगेज ओरिएंताल’ ह्या मालेंत छापून काढले, त्यांत तें पाहावयास मिळतें. प्रा. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांच्या सन १९६१ मधील इन्क्विझिशनविषयक ग्रंथापासून पुढें ह्या विषयाची चर्चा झाली आहे, ती बहुधा धर्मांतराच्या अंगानें झाली आहे. प्रस्तुत लेखांत तो वाद पुन्हा उकरून काढण्याचा माझा हेतु नाहीं. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. मूल घरांतून नेलें जात असतां, तें अनाथ आहे कीं नाहीं हा निर्णय ज्या न्यायाधीशापुढें व्हावयाचा, त्याच्यापुढें त्या मुलाच्या घरच्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाला होता?

ज्या राजाच्या नांवानें हें आज्ञापत्र निघालें त्याचीच हकीकत आधीं सांगितली पाहिजे. सेबाश्तियांव हा सन १५५४ च्या जानेवारींत जन्मला, त्यापूर्वीं अठरा दिवस त्याचा बाप वारला होता. त्याच वर्षीं त्याची आई त्याला मागें ठेवून स्पेनांत माहेरीं परत गेली. सन १५५७ मध्यें आजा दों जुआंव तिसरा वारला, तेव्हां हें तीन वर्षांचें मूल राजा झालें व आजी कातारीन ही त्याच्या वतीनें राज्यकारभार पाहूं लागली. म्हणजे आज्ञापत्र निघालें त्या वेळीं राजाचें वय पांच वर्षांचें होतें, तो पितृहीन होता, आई दूर देशीं होती, आणि आजीनें त्याला सांभाळिलें होतें. आज्ञापत्राच्या मूळ शब्दांप्रमाणें तो अनाथ ठरत नाहीं, कारण आई व आजी दोघीही हयात होत्या. परंतु पुढें गोव्यांत त्या शब्दाचा जो अर्थ रूढ करण्यांत आला, त्या अर्थानें खुद्द राजाच अनाथांच्या न्यायाधीशाच्या ताब्यांत गेला असता.

शाळेंत ‘अनाथ’ शब्दाचा विग्रह शिकवितांना ‘ज्याला नाथ नाहीं तो’ असा बहुव्रीहि सांगून आपण पुढें जातों. नाथ कोण, बापच कीं आईसुद्धां, हा प्रश्न मुलें विचारीत नाहींत व आपणही काढीत नाहीं. पोर्तुगीज भाषेंतील ‘ऑर्फांव’ हा शब्द ग्रीक भाषेंतून आला आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध आपल्या ‘अर्भ’, ‘अर्भक’ ह्या शब्दांशीं जोडतात. मूळ एकच धातु, पण एका शाखेंत त्याचा अर्थ ‘लहान मूल’ एवढाच राहिला, आणि दुसरींत ‘ज्याचें माणूस गेलें तें मूल’ असा झाला. गोव्याच्या बेटावर हे दोन्ही शब्द फार लांबच्या प्रवासानंतर समोरासमोर आले, हा योगायोग मला मोठा चमत्कारिक वाटतो.

आतां आपल्या शास्त्रकारांचें मत. नारदानें वयाची मर्यादा सांगितली आहे ती अशी : आठव्या वर्षापर्यंत मूल गर्भासारखेंच समजावें, सोळाव्या वर्षापर्यंत तो बाल, आणि त्यानंतर तो व्यवहार जाणणारा व, आईबाप नसल्यास, स्वतंत्र. त्याच प्रसंगीं तो म्हणतो कीं, दोघां जन्मदात्यांत बापाचा अधिकार वरचा, तो नसल्यास आईचा, आणि तीही नसल्यास वडील भावाचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाप मेला म्हणजे घराची सत्ता राजाकडे जात नाहीं, ती आईकडे येते. मनूनें बालाच्या धनाचें रक्षण राजावर सोंपविलें आहे खरें, पण तें धनाचें. मूल कोठें राहावें ह्याबद्दल तेथें राजाला आज्ञा नाहीं. गौतम व वसिष्ठ ह्यांचेंही तेंच धोरण. कौटिल्य तर बालकाचें द्रव्य गांवांतील वृद्धांनीं सांभाळून वाढवावें असें सांगतो, म्हणजे राजाच्या अधिकाऱ्याच्याही आधीं तो गांवाकडे पाहतो.

परंतु ह्या विषयांत सर्वांत मोलाचें वचन कौटिल्याच्या धर्मस्थीय अधिकरणाच्या अगदीं शेवटीं आहे. देव, ब्राह्मण, तपस्वी, स्त्रिया, बालकें, वृद्ध, रोगी व अनाथ हे स्वतः न्यायसभेंत चालून आले नाहींत तरी त्यांचीं कामें धर्मस्थांनीं स्वतः चालवावीं, आणि देश, काल किंवा दुसऱ्याचा भोग ह्यांच्या निमित्तानें तीं फेंटाळूं नयेत, असा त्याचा अर्थ आहे. न्यायाधीशानें गैरहजर दुबळ्याचा पक्ष आपण होऊन पाहावा, ही कल्पना इतक्या स्पष्टपणें मला दुसऱ्या कोणत्याही जुन्या ग्रंथांत आढळलेली नाहीं. सन १९०५ मध्यें तंजावर प्रांतांतील एका पंडितानें अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आणून दिली नसती, आणि शामशास्त्री ह्यांनीं ती १९०९ मध्यें छापली नसती, तर हें वचन आपल्याला कळलेंच नसतें. ज्यांच्या घरीं पोथ्या आहेत त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

प्रतिनिधीविषयीं नारदाचा नियम कडक आहे. जो बाप नाहीं, भाऊ नाहीं, मुलगा नाहीं, आणि ज्याला नेमलेलेंही नाहीं, असा मनुष्य दुसऱ्याच्या वतीनें बोलूं लागला तर त्याला दंड करावा. उलट, जो सभेंत बोलूं शकत नाहीं, जड, वेडा, वृद्ध, स्त्री, बाल किंवा रोगी आहे, त्याचा पूर्वपक्ष वा उत्तरपक्ष त्याच्या बंधूनें किंवा नेमलेल्या दुसऱ्या मनुष्यानें मांडावा, असें वचन निबंधकार बृहस्पतीच्या नांवानें देतात. बृहस्पतीचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. विखुरलेलीं वचनें एकत्र करून रंगस्वामी अय्यंगार ह्यांनीं तो सन १९४१ मध्यें बडोद्याच्या मालेंत प्रसिद्ध केला, तसाच कात्यायन म. म. काणे ह्यांनीं १९३३ मध्यें केला होता. शुक्रनीतींत अशा नियोग्याचें वेतन वादग्रस्त धनाच्या सोळाव्या हिश्शापासून एकशें साठाव्या हिश्शापर्यंत ठरविलेलें आहे. परंतु तो ग्रंथ फार अलीकडचा असल्याची विद्वानांची शंका मला सबळ वाटते, म्हणून मी तो पुराव्यांत धरीत नाहीं. तात्पर्य, मुलाचा पक्ष मांडणारा पहिला मनुष्य म्हणजे त्याचा नातलग. तो नसेल तर नेमलेला.

हें सर्व शास्त्रांत लिहिलें आहे म्हणून व्यवहारांत तसेंच घडत असे, असें मी म्हणत नाहीं. लिहिलेलें तें घडलेलें समजणें हा आपल्या लोकांचा जुना दोष आहे. आणि दुसरें, शास्त्रकारांचें लक्ष मुख्यतः धनाकडे आहे. ज्याच्या बापानें मागें कांहींच ठेविलें नाहीं त्या मुलासाठीं कौटिल्यानें राजाला पोषणाची आज्ञा केली आहे, इतरांनीं त्याचा विचार फार त्रोटक केला आहे. तरी १५५९ मध्यें गोव्याच्या बेटावरील ब्राह्मण, शेणवी, कुळंबी, सोनार ह्यांच्या मनांत घराची जी कल्पना होती, तिच्यांत बाप मेलेलें मूल आई, आजा, चुलता ह्यांचें होतें, ह्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

पोर्तुगीज कायद्याची कल्पना वेगळी होती, आणि सगळ्या अनर्थाचें बीज माझ्या मतें येथें आहे. रोमन परंपरेप्रमाणें मुलावरील सत्ता एकट्या बापाची. तो मेला कीं, आई जिवंत असली तरी मूल कायद्यानें ‘ऑर्फांव’ ठरतें व अनाथांच्या न्यायाधीशाच्या अधिकाराखालीं येतें. सन १६०३ च्या फिलिपाच्या संहितेंत ह्या न्यायाधीशाचीं कर्तव्यें सविस्तर दिलीं आहेत. मुलगा चौदा व मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत पालक, त्यापुढें पंचवीस वर्षांपर्यंत देखरेखदार, अशी व्यवस्था आहे. पण त्याच संहितेंत विधवा आईला किंवा आजीला, ती नीटपणें राहत असेल व पुन्हा लग्न करणार नसेल तर, कांहीं अटींवर मुलाचें पालकत्व मागतां येतें. लिस्बनमधील विधवा ह्या दारानें आंत जाई व आपलें मूल आपल्यापाशीं ठेवी. गोव्यांतील हिंदु विधवेपुढें तें दार बंद होतें.

१५५९ चें आज्ञापत्र स्वतः ह्या बाबतींत मर्यादा पाळणारें होतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. आई, बाप, आजे कोणीच नसलेल्या मुलापुरतेंच तें बोलतें. पुढें मात्र मर्यादा ओलांडली गेली. बाप मेला एवढ्यावरून, आई व आजीआजोबा हयात असतांही, चौदा वर्षांखालील मूल अनाथ समजून नेण्याचा प्रघात पडला. सन १५४३ पासून पोर्तुगीजांकडे असलेले साष्टी व बारदेश हे प्रांतही त्यांतून सुटले नाहींत. म्हणजे लिस्बनच्या संहितेंतील शब्दाचा विस्तृत अर्थ उचलला, आणि त्याच संहितेंतील विधवेची सवलत मात्र उचलली नाहीं. कायद्याचा अर्धा भाग समुद्र ओलांडून आला व अर्धा मागें राहिला, असें ह्याचें वर्णन करतां येईल.

अशा वेळीं बोलणारा कोण? मुलाच्या बाजूनें बोलणारा एक अधिकारी होता. त्याला ‘पाय दुश क्रिश्तांवश’ म्हणजे ‘ख्रिस्ती लोकांचा पिता’ म्हणत. नवख्रिस्त्यांचें रक्षण करणें, त्यांचीं गाऱ्हाणीं सरकारांत मांडणें, त्यांचे खटले पाहणें आणि अनाथ मुलें गोळा करणें हीं त्याचीं कामें. हें पद बहुतेक काळ येशूसंघाच्या पाद्र्याकडे असे. ह्या पदासंबंधींच्या आज्ञा व सवलती एका वहींत उतरून ठेवलेल्या होत्या. ती वही योझेफ विकी ह्या विद्वानानें सन १९६९ मध्यें लिस्बन येथें प्रसिद्ध केली आहे. जिज्ञासूंनीं ती अवश्य पाहावी. तींत एका पक्षाच्या वकिलाला काय काय अधिकार असावेत ह्याचें जितकें बारकाईनें चित्र मिळतें तितकें त्या काळच्या दुसऱ्या कागदांत क्वचितच मिळेल. मुलाला मागणारा, मुलाच्या वतीनें बोलणारा, आणि मूल ज्याच्या घरीं जाणार तो, असे तिघेही ह्या व्यवस्थेंत एकाच संघाचे होते. घरच्यांच्या वतीनें बोलण्यासाठीं असें कोणतेंही पद नव्हतें. बृहस्पतीचा ‘बंधु’ सभेच्या बाहेर उभा होता.

मग घरच्यांनीं काय केलें? जें दुबळे नेहमीं करतात तें. अर्ज केले, भीड घातली, आणि साधलें नाहीं तेव्हां मूल लपविलें. मांडवी किंवा झुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूस गेलें कीं तेथें पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. सोळाव्या शतकांत तो मुलूख विजापूरकरांचा होता व सन १६७५ मध्यें शिवाजी महाराजांनीं फोंड्याचा किल्ला घेतला. बाप आजारी पडला कीं मूल आधींच पलीकडे धाडावें, असा विचार ज्या घरांत झाला असेल त्या घराचें दुःख मी वर्णन करीत बसत नाहीं. ह्या पलायनाचा फटका सरकारला बसूं लागला. शेतें पडीक पडूं लागलीं, व्यापारी व इजारदार जाऊं लागले, तेव्हां कांहीं विजरईंना हिंदूंचें म्हणणें ऐकून घेणें भाग पडलें. म्हणजे विधवेचा खरा वकील कोण, तर सरकारचा घटता वसूल. धर्माधिकारी सक्तीकडे ओढीत व मुलकी अधिकारी सैलपणाकडे, अशी ही ओढाताण पुष्कळ वर्षें चालली होती.

येथें एका आक्षेपाला उत्तर दिलें पाहिजे. दुष्काळांत व सांथींत खरोखरीच निराधार झालेलीं मुलें त्या काळीं पुष्कळ असत. कॉलेजांत त्यांना अन्न, वस्त्र, अक्षरओळख मिळाली, कित्येकांना भाषांचें उत्तम ज्ञान मिळालें. हें खरें आहे व तें झांकण्यांत इतिहासाची सेवा होत नाहीं. परंतु निराधार कोण, हें ठरवितांना ज्याच्या दारांतून मूल न्यावयाचें त्याला विचारलें जात नसेल, तर निराधार आणि आधार असलेला ह्यांतील भेद कागदावर उरत नाहीं. आणि खुद्द मुलाला काय वाटत होतें, तें तर त्याच्या नांवानें बोलणाऱ्यांनींही नोंदवून ठेवलेलें नाहीं.

घराचा पक्ष व मुलाचा पक्ष हे दोन निराळे आहेत, व त्यांतील एक जरी मुका राहिला तरी निवाडा लंगडा होतो, हें पुढच्या काळांतही न्यायालयांना पुन्हापुन्हा शिकावें लागलें. मद्रासच्या प्रसिद्ध खटल्यांत नारायणय्या ह्या बापानें आपले मुलगे कृष्णमूर्ति व नित्यानंद ह्यांचा ताबा सन १९१२ मध्यें ॲनी बेझंट बाईंकडून परत मागितला. सन १९१० मध्यें त्यानेंच तो लेखानें त्यांना दिला होता. बाईंनीं मद्रासेंत आपला खटला स्वतःच चालविला. बाप बोलला, बाई बोलल्या, मद्रासच्या हायकोर्टानें १९१३ मध्यें दोनदां बापाच्या बाजूनें निकाल दिला. परंतु १९१४ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरविला, आणि त्याच्या कारणांत एक मुख्य हें कीं, मुलगे त्या दाव्यांत पक्षकार नव्हते व त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती. गोव्यांत जें घराचें झालें तें मद्रासेंत मुलांचें झालें. अमेरिकेंत तर तेथील मूळ रहिवाशांचीं मुलें सरकारी व खाजगी संस्थांकडून फार मोठ्या प्रमाणावर घरांतून नेलीं जात. त्यावर सन १९७८ मध्यें जो कायदा झाला त्यानें अशा निर्धन आईबापांना न्यायालयानें वकील नेमून देण्याचा हक्क दिला. इतर आईबापांविषयीं मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें, तेंही पांचास चार अशा मतांनीं, असें ठरविलें कीं प्रत्येक खटल्यांत वकील दिलाच पाहिजे असें घटना सांगत नाहीं. आपल्याकडे सन १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरणाच्या कायद्यांत स्त्री व बालक ह्या दोघांचींही नांवें विनामूल्य कायदेशीर साहाय्याच्या अधिकाऱ्यांत घातलीं आहेत.

गोव्यांत हें चक्र कसें फिरलें तेंही थोडक्यांत सांगतों. सन १७६३ पासून पुढें ज्या नव्या काबिजादी पोर्तुगीजांकडे आल्या, तेथें हिंदूंचा धर्म व चालीरीति ह्यांना हात न लावण्याचें वचन देऊनच त्यांना अंमल बसवावा लागला. सन १८६७ ची पोर्तुगालची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यांत लागू झाली. तिच्यांत बापाच्या पश्चात् मुलावरील सत्ता आईकडे जाते. नारदाचा क्रम तीनशें वर्षांनीं लिस्बनमार्गें गोव्याला परत आला, असें एखाद्या संस्कृतज्ञानें म्हटलें तर तो विनोद समजावा, पण फार मोठा नव्हे. आणि ज्या मुलाला पालक नेमावयाचा त्याच्यासाठीं ‘कुटुंबसभा’ भरते, तींत जवळचे पांच नातलग बसतात, तीन पितृकुळाकडील व दोन मातृकुळाकडील. अनाथांचा देखरेखदार हा सरकारी अधिकारी तेथें हजर असतो, पण तो एकटा नसतो. १५५९ मध्यें जो आजा दाराशीं अडविला गेला, त्याच्या वंशजाला ह्या सभेंत बसावयास जागा मिळाली. गोव्यांतील जुन्या वाटणीच्या दप्तरांत ह्या सभांचीं टांचणें सांपडतात. कोणत्या चुलत्यानें काय मत दिलें हें वाचतांना मला तीं एखाद्या बखरीइतकीं रसाळ वाटलीं.

आतां एक विनंति. आजवर ह्या प्रकरणाचे जे कागद छापले गेले ते जवळजवळ सर्व एका बाजूचे आहेत. ज्याला वकील होता त्याचेंच दप्तर राहिलें. दुसऱ्या बाजूची स्मृति कोठें असेल तर ती गोव्यांतून बाहेर पडलेल्या घराण्यांत. मंगेश कुशस्थळीहून मंगेशीस, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास कशी आली हें प्रत्येक कुळांत सांगतात. मीं जे कुलवृत्तांत चाळले त्यांत देव नेल्याच्या हकीकती भरपूर आहेत, पण मूल नेल्याची एक ओळही नाहीं. एवढ्यावरून तसें घडलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं, कारण देवाची पालखी मिरवितां येते व लपविलेलें मूल मिरवितां येत नाहीं. फोंडें, डिचोली, सावंतवाडी, मालवण, कारवार ह्या बाजूच्या ज्या गृहस्थांपाशीं उपाध्यायांच्या वह्या, देवस्थानांचे ताळेबंद, वतनाचे कागद किंवा आप्तांचीं पत्रें असतील, त्यांनीं तीं ह्या दृष्टीनें एकदां वाचून पाहावीं. आजोळीं धाडलेला पोर, दुसऱ्या नांवानें वाढविलेला पुतण्या, किंवा नदीपलीकडील आप्ताला मुलाच्या खर्चाबद्दल पाठविलेले होन, असा एखादा उल्लेख सांपडल्यास त्याची अक्षरशः नक्कल, शुद्धलेखन न सुधारतां, मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद मालकांनीं आपल्यापाशींच ठेवावा.